बाईंच्या घरचा फ्रेंच सिनेमा

बाईंच्या घरात खोली मिळण्याआधी माझी तोंडी परीक्षा झाली. सिंगापूरला येऊन मला तीन आठवडे झाले होते. कंपनीने दिलेल्या हॉटेलातली मुदत संपत आली होती. एम्प्लॉयमेंट पासची प्रत, पदवीचं प्रमाणपत्र आणि प्राचार्यांनी दिलेला चारित्र्याचा दाखला अशी फाइल छातीशी धरून मी ईस्ट कोस्टला एका जुन्या कॉन्डोच्या, म्हणजे आपल्याकडच्या सोसायटीसारख्या इमारतीच्या, सहाव्या मजल्यावर उभा होतो. बाईंनी फाइलकडे पाहिलंही नाही.

"मोठ्यानं वाचता येतं?" त्यांनी विचारलं.

"हो काकू. शाळेत प्रार्थनेनंतर बातम्या मीच वाचायचो."

"काकू? मी तुझ्या कोणत्या काकाची बायको? बाई म्हण. हसू दाबता येतं?"

"प्रयत्न करीन."

"नको करूस. शनिवारी दुपारी काय करतोस?"

"काहीच नाही, बाई."

"मग सामान घेऊन ये."

त्या घरात मी चार वर्षं राहिलो. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. मला गणित शाळेनं शिकवलं, संगणक कॉलेजनं शिकवला. दार उघडल्यावर आत कसं जायचं, हे मात्र बाईंनी शिकवलं. ते ऋण फेडण्याच्या भानगडीत मी पडत नाही. फक्त त्या कशा होत्या, ते लिहून ठेवतो.

बाईंचं वय तेव्हा चौऱ्याहत्तर. बांधा लहान, आवाज मोठा. पतीच्या जहाज कंपनीतल्या नोकरीमुळे तरुणपणी मुंबईहून इथे आल्या आणि इथल्याच झाल्या. पती लवकर गेले. मग एका फ्रेंच व्यापारी कंपनीच्या ऑफिसात तीस वर्षं सेक्रेटरी होत्या. फ्रेंच तिथेच कानावर पडून शिकल्या. त्यांच्या सवयी ऐकून नवीन माणूस घाबरायचा. फोन वाजला की आधी लिपस्टिक लावत, मग उचलत. कोणी म्हटलं, "बाई, फोनवर दिसत नाही," तर म्हणत, "ऐकू येतं." स्वतःच्या घरात शिरतानाही बेल वाजवत, घर रिकामं असलं तरी. घराला सावध होऊ द्यावं, असं त्यांचं मत होतं. आणि त्यांच्या घरी कुठलाही कार्यक्रम चार वाजून दहा मिनिटांनी सुरू व्हायचा. "चारला येतात ते भुकेलेले, सव्वाचारला येतात ते शिष्ट. मला मधले हवेत."

शनिवारी चार दहाला त्यांच्याकडे सिनेमा असे. कायम एकच. कंपनीतला एक फ्रेंच साहेब निवृत्त होताना त्यांना तो देऊन गेला होता. जुना, काळा-पांढरा, विनोदी. त्याचं नाव त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. "नाव कळलं की लोक घरी जाऊन फोनवर बघतात आणि हुशार होऊन परत येतात."

गोष्ट साधी होती. मोहरीचा कारखाना असलेला एक गडगंज माणूस, त्याचा गावाबाहेरचा बंगला, त्याची कंटाळलेली बायको. त्या घरी एका दुपारी पियानोचे सूर जुळवायला एक कारागीर येतो. त्याच दिवशी तिथे एक सरदार पाहुणा यायचा असतो. या कारागिराच्या हातातले पांढरे मोजे बघून मोलकरीण त्यालाच दिवाणखान्यात बसवते. तो काही बोलत नाही. मग आठ दिवस तो तिथेच राहतो, आणि घरातलं एकेक माणूस त्याच्या नादी लागतं. आधी मालकीण, मग तिची नणंद, शेवटी खुद्द कारखानदार. सबंध सिनेमात तो माणूस एकदाही खोटं बोलत नाही. फक्त योग्य वेळी गप्प बसतो.

पण बाईंच्या घरी तो फ्रेंच माणूस मराठीत बोलायचा. खालची इंग्रजी अक्षरं त्या बंद करत, आवाज बारीक ठेवत, आणि भिंतीवरच्या पडद्याशेजारी खुर्च्या मांडून आम्ही त्या माणसांच्या तोंडचे संवाद मराठीतून म्हणायचो. बाईंनी एका वहीत ते लिहून ठेवले होते. मालकीण स्वतः बाई. कारखानदार म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ. त्यांना बँकेत कधी ओरडायला मिळालं नव्हतं, ती हौस ते इथे भागवत. मोलकरणीचे संवाद बाईंनी मालवणीत लिहिले होते आणि तेही त्याच म्हणत, त्यामुळे मालकीण आणि मोलकरीण भांडू लागल्या की बाईंची तारांबळ उडे. मी पहिलं वर्ष दरवाजे, कुत्रा आणि घोडागाडी होतो. दुसऱ्या वर्षी मला बढती मिळून मी तो कारागीर झालो. प्रेक्षक आठ-दहा, सगळे मराठी. कोणाला फ्रेंचचा गंध नव्हता. सगळ्यांना सिनेमा पाठ होता आणि तरी दर वेळी तितकंच हसू यायचं.

"हा सिनेमा कशावर आहे, सांग," एकदा बाईंनी मला विचारलं.

"फसवणुकीवर."

"चूक. भुरळ पडण्यावर आहे. फसवणारा समोरच्याला काहीतरी विकतो. हा काय विकतो? काही नाही. त्या बाईकडे बारा वर्षांत कोणी धड बघितलेलं नाही. हा बघतो. भुरळ म्हणजे दुसरं काय असतं रे? नीट लक्ष देणं."

हे त्यांचं नुसतं बोलणं नव्हतं. पुलाउ उबीन बेटावर जायची छोटी होडी बारा माणसं जमल्याशिवाय सुटत नाही. एका रविवारी आम्ही धक्क्यावर गेलो तेव्हा आम्हाला धरून आठच माणसं होती. अर्धा तास गेला. बाई उठल्या आणि शेजारच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, नाश्ता करत बसलेल्या एका चिनी कुटुंबाजवळ गेल्या. आई, वडील, दोन मुली. बाईंनी धाकटीला विचारलं, तू इतकं सावकाश का खातेस? ती म्हणाली, संपलं की घरी जावं लागेल म्हणून. बाईंनी तिच्या आईकडे पाहिलं, एवढंच. दहा मिनिटांनी ते चौघंही होडीत होते. परतताना त्या आईनं बाईंचा हात हातात धरून ठेवला होता.

मला त्यांनी असंच घडवलं. "तू माफी मागत आत येतोस," त्या म्हणाल्या. मी खरोखरच प्रत्येक वाक्याआधी सॉरी म्हणायचो, साहेब आला की खुर्चीतून उठायचो, लिफ्टमध्ये सगळ्यांत शेवटी शिरायचो. बाई छत्रीच्या टोकानं माझी पाठ सरळ करत. सूप कसं प्यायचं, न आवडलेला पदार्थ कसा नाकारायचा, आणि ज्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं त्याला न घाबरता प्रश्न कसा विचारायचा, हे सगळं त्या सिनेमा थांबवून थांबवून दाखवत. सहा महिन्यांत माझ्या साहेबांनी मला ग्राहकांसमोर बोलायला उभं केलं. त्याचं श्रेय मी त्या मोहरीवाल्याच्या बंगल्याला देतो.

आता 'ती'. ती बाईंची दातांची डॉक्टर. "जी मुलगी माझ्या तोंडात हात घालून मला पाऊण तास गप्प बसवू शकते, ती बघण्यासारखी असणार," असं म्हणून बाईंनी तिला सिनेमाला बोलावलं. ती इथेच वाढलेली. मराठी समजायची पूर्ण, बोलायची अर्धी, आणि वाक्याच्या शेपटाला इथल्या लोकांसारखं 'लाह' जोडायची. पहिल्याच शनिवारी मला म्हणाली, "तुमचा कुत्रा फारच चांगला भुंकतो, लाह." तेव्हा मी कुत्राच होतो. कारागीर होईपर्यंत आमचं जमलं होतं.

तिला मी सगळं सांगितलं होतं. माझे वडील, आण्णा, तालुक्याच्या गावात लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात. आई लोकांचे मसाले कांडून देते. तिनं एवढंच विचारलं, "क्लॅरिनेट कठीण असतं ना?" मला वाटलं, झालं, आता काही उरलं नाही.

उरली होती तिची आई. त्यांना मी काकू म्हणायचो, आणि त्यांना ते चालायचं. बुकित तिमाहच्या त्यांच्या कॉन्डोत वर्षातून तीन-चार वेळा गाण्याच्या बैठकी होत. काकू स्वभावानं कडक पण मनापासून रसिक. पहिल्या भेटीत चहा झाल्यावर त्यांनी विचारलं, "वडील काय करतात?"

"वाजवतात, काकू. क्लॅरिनेट."

"अगंबाई, वादक! शिकले कोणाकडे?"

"त्यांच्या चुलत्यांकडे."

"म्हणजे घरातूनच आलंय. तरीच म्हटलं, मुलाच्या बोलण्याला लय आहे."

मी ढोकळ्याचा तुकडा तोंडात टाकला. ढोकळा संपेपर्यंत काकूंनी आण्णांना मंचावर बसवलं होतं, साथीला तबला दिला होता आणि शालही पांघरली होती. मी खोटं काहीच बोललो नव्हतो.

पुढे चार वेळा मी त्या घरी गेलो आणि चारही वेळा तो ढोकळा गिळत राहिलो. ती म्हणायची, "ममीला सरळ सांग. शी इज नॉट दॅट बॅड, लाह." मी म्हणायचो, सांगतो. शेवटच्या वेळी तिनं विचारलं, "तुला त्यांची लाज वाटते का?" मी नाही म्हणालो, आणि हे मात्र पूर्ण खोटं होतं.

मग काकूंनी जाहीर केलं. आई-आण्णा साखरपुड्यासाठी पुढच्या महिन्यात येणारच आहेत, तर साखरपुड्याच्याच रविवारी सकाळी त्यांच्या कॉन्डोच्या हॉलमध्ये आण्णांचं वादन ठेवायचं. चाळीस माणसांना निरोपही गेले होते.

मी घरी येऊन बाईंना सगळं सांगितलं आणि म्हणालो, "काहीतरी कारण काढा. आण्णांचा हात दुखावलाय, असं सांगू का?"

बाईंचे डोळे चमकले. खरं सांगायचं तर त्या खूश झाल्या. दोनशे वेळा पाहिलेला सिनेमा त्यांच्या घरात अवतरला होता. त्या येरझाऱ्या घालू लागल्या.

"हात-बित काही नाही. तिच्या आईला शनिवारी सिनेमाला बोलाव. जेवणाच्या प्रवेशात मालकीण त्याला विचारते ना, तुमच्या घरचं सांगा? तिथे वहीतलं बोलू नकोस. तुझं बोल. अंधार आहे, सगळे हसरे आहेत, हातात चहा आहे. तिला कळेल, राग यायच्या आत कळेल. मी मालकिणीच्या तोंडून दोन गोड वाक्यं बोलीन, आणि पुढचा प्रवेश सुरू होईल. इतकं अलगद की तिला वाटेल, हे आपल्याला आधीपासून माहीत होतं."

मला ते फार पटलं. काकूंच्या डोळ्यांत न बघता सगळं उरकणार होतं, म्हणून पटलं.

शनिवारी काकू आल्या, लेकीशेजारी बसल्या, आणि पहिला अर्धा तास मनमोकळं हसल्या. जेवणाचा प्रवेश आला. पडद्यावर लांबलचक टेबल, मेणबत्त्या. मालकीण पुढे झुकली. बाई तिच्या आवाजात म्हणाल्या, "आणि तुमच्या घरचं काही सांगितलं नाहीत तुम्ही?"

पडद्यावरचा कारागीर खरं तर तिथे सुपाची स्तुती करत होता. मी म्हणालो, "बाईसाहेब, माझे वडील मैफलीत वाजवत नाहीत. ते लग्नाच्या वरातीत बँड वाजवतात. लाल कोट घालून, नवरदेवाच्या घोड्यापुढे. चौतीस वर्षं झाली."

आणि पडद्यावरची मालकीण हसली.

ती तिथे दर वेळी हसायची. मान मागे टाकून, गळ्यातल्या मोत्यांवर हात ठेवून, भरपूर. ते हसू बाई कधी म्हणत नसत, कारण हसण्याचं भाषांतर लागत नाही. ते मूळ आवाजातच जायचं. आम्ही ते इतकं ऐकलं होतं की ते तिथे आहे हेच विसरलो होतो. माझ्या बापाचं नाव निघालं आणि ती फ्रेंच बाई हसली, तिची नणंद हसली, सगळं टेबल हसलं. बाईंना पुढचं वाक्य सुचेना. कारखानदार झालेल्या गृहस्थांना वाटलं आपली पाळी आली. ते वहीप्रमाणे गरजले, "वा! अशी माणसं आपल्या टेबलावर हवीत! वाढा त्यांना!"

काकू उठून उभ्या राहिल्या. "सिनेमा थांबवा."

कोणीतरी दिवा लावला. त्या माझ्याकडे वळल्या. "हे तू मला सांगितलंस, की त्या पडद्यावरच्या बाईला?"

मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.

"माझ्या घरी पाच वेळा आलास. मी समोर बसले होते, चांगल्या उजेडात. तिथे सांगता आलं नाही?"

त्या चपला घालून निघाल्या. ती त्यांच्यामागे गेली. लिफ्टजवळ मी तिला गाठलं, तर म्हणाली, "ममीला तू फसवलंस ते राहू दे. आण्णांवर लोकांना हसवलंस."

घर रिकामं झाल्यावर बाई मालकिणीच्या खुर्चीतच बसून होत्या.

"ती हसते हे मी विसरले," त्या म्हणाल्या. "माझ्या करमणुकीसाठी मी तुला तिथे उभं केलं. हे तुझं काम होतं, सिनेमाचं नव्हतं. आधी वडिलांना फोन कर. त्यांना माहीत तरी आहे का, तू त्यांना कोण करून ठेवलंयस ते?"

त्यांना माहीत नव्हतं. तिकडे तेव्हा नुकते चार वाजले होते. आण्णा बँडच्या दुकानात होते, मागे कोणीतरी ढोल ताणून बघत होतं. मी काही न लपवता सांगितलं. ढोल थांबला. दुकानाबाहेर आले असावेत.

"म्हंजे तू त्यास्नी सांगितलंच न्हाईस?"

"नाही, आण्णा."

"लाज वाटली?"

"वाटली."

मग म्हणाले, "माझ्याम्होरं खरं बोललास. आता त्यांच्याम्होरं बी बोल. आन वाजवायचं का न्हाई ते मी ठरवीन. तू नगं ठरवू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बुकित तिमाहला गेलो. बाई बरोबर आल्या, रेशमी साडी नेसून, लिपस्टिक लावून. कॉन्डोच्या फाटकापाशी आल्यावर म्हणाल्या, "मी इथेच बसते. वर मी असले तर तू पुन्हा माझ्या वहीतलं बोलशील." रखवालदारानं विचारलं, आंटी कोणाकडे? "कोणाकडेच नाही. मी वाट बघणारे." त्यानं स्वतःची खुर्ची त्यांना दिली.

काकूंनी दार उघडलं, पण बस म्हणाल्या नाहीत. मी उभ्यानंच सांगितलं. वडील कोण, आई काय करते, मी कोणत्या शाळेत शिकलो, फी कोणी भरली. मग म्हणालो, "तुम्ही विचारलंत तेव्हा मी गप्प बसलो, कारण पुढचा प्रश्न मला माहीत होता."

"कोणता?"

"बँडवाला म्हटल्यावर मराठी माणसाच्या मनात येतो तो. तोंडानं कोणी विचारत नाही."

काकू खिडकीकडे बघत राहिल्या. "माझ्याही मनात आला असता," त्या म्हणाल्या. "आला नसता असं म्हणाले तर मीही तुझ्यासारखीच गप्प बसल्यासारखी होईन. काल घरी आल्यावर आलाच. आणि मग मला स्वतःचीच अडचण वाटली, कारण माझी मुलगी समोर बसली होती आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती." मग म्हणाल्या, "तुझ्या वडिलांना शाल मी पांघरली. तू सांगितलं नव्हतंस, मीच ठरवलं. मला तसेच व्याही हवे होते म्हणून."

मी काही बोललो नाही. या वेळी गप्प बसणं बरोबर होतं.

"पण चाळीस लोकांना मी शास्त्रीय वादन म्हणून बोलावलंय. त्यांना कोण सांगणार?"

"मी सांगेन."

"फोन करून. एकेकाला. सिनेमा नको."

"हो काकू."

"आणि बस आता. किती वेळ उभा राहणारेस?"

मी सांगितलं की खाली बाई बसल्या आहेत. काकू स्वतः खाली गेल्या. ती आतल्या खोलीतून बाहेर आली, आणि आम्ही दोघं वरून गॅलरीतून बघत होतो. बाई रखवालदाराच्या खुर्चीतून उठल्या आणि त्यांनी दोन्ही हात जोडले. बाईंना असे हात जोडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. काय बोलणं झालं ते आजही मला माहीत नाही. पाच मिनिटांनी दोघी वर आल्या. काकूंनी चहा टाकला.

त्या आठवड्यात मी पंधरा घरी फोन केले. "काकूंकडच्या कार्यक्रमात माझे वडील वाजवणार आहेत. ते लग्नाच्या बँडमध्ये वाजवतात." अकरा घरं म्हणाली, वा, येतो. तिघांना अचानक दुसरं काम आठवलं. एका गृहस्थांनी तो न विचारला जाणारा प्रश्न आडवळणानं विचारला. मी त्यांना जात सांगितली, आणि वेळही सांगितली: रविवारी सकाळी दहा. ते आले.

आण्णांनी वाजवायचं ठरवलं होतं. अट एकच घातली. "बसून सुरुवात करायला जमत न्हाई. चौतीस वरसं चालत वाजवलंय. मी फाटकापास्नं वाजवत येतो." काकूंनी कॉन्डोच्या ऑफिसातून दुपारपर्यंतची परवानगी काढली.

साखरपुड्याच्या रविवारी सकाळी आण्णा पांढरा सदरा घालून फाटकाशी उभे राहिले. आई त्यांच्या मागे. क्लॅरिनेट ओठाला लावलं आणि पहिला सूर असा उंच गेला की रखवालदार खुर्चीतून उठला. मी लहानपणापासून ते वाजवणं ऐकत आलो होतो, पण कायम ढोल-ताशांच्या आणि फटाक्यांच्या गदारोळात. नुसतं क्लॅरिनेट मी पहिल्यांदा ऐकत होतो. आण्णा किती चांगलं वाजवतात हे मला तिसाव्या वर्षी, परक्या देशात, एका जलतरण तलावाच्या काठावर कळलं. गॅलऱ्यांमध्ये माणसं जमली. तलावातली मुलं ओल्या अंगानं मागे चालू लागली. पाहुणे हॉलमधून बाहेर येऊन दोन बाजूंना उभे राहिले आणि आण्णा त्यांच्या मधून वाजवत हॉलच्या दारापर्यंत गेले.

तिथे ते थांबले. क्लॅरिनेट खाली घेतलं आणि एका बाजूला सरून उभे राहिले.

लोकांना वाटलं, चीज संपली. टाळ्या झाल्या. मला आणि आईलाच ठाऊक होतं की काही संपलेलं नव्हतं. बँड मंडपाच्या दारापर्यंत वाजतो. आत नवरदेव जातो, वऱ्हाडी जातात. बँडवाले मागच्या बाजूला आचाऱ्यांकडे जातात आणि बोलावलं की जेवतात. चौतीस वर्षं आण्णांचे पाय दाराशी थांबत आले होते, ते इथेही थांबले.

मी पुढे झालो आणि अडखळलो. एवढ्या माणसांदेखत "आण्णा, आत या" म्हणायचं, म्हणजे त्यांना ते सांगावं लागतं हे सगळ्यांना दाखवायचं. काकूंनाही काहीतरी उमगलं. त्या ओवाळायचं तबक घेऊन उंबऱ्याच्या आत उभ्या होत्या; ते पुढे करून त्यांनी पुन्हा मागे घेतलं. आण्णा हसून जमिनीकडे बघत होते.

तेवढ्यात बाई गर्दीतून पुढे आल्या. एक हात कमरेवर, चेहरा कळवळलेला.

"अहो," त्या आण्णांना म्हणाल्या, "मला जरा आत नेता का? गुडघ्यांनी घात केला बघा. ही पायरी एकटीला चढवत नाही."

आण्णा लगबगीनं पुढे झाले. "या की, या. हात द्या."

"हात नको, हात तुमचे वाजवायला हवेत. मी बाही धरते. आणि थांबवू नका हो वाजवणं, नाहीतर सगळे माझ्या लंगडण्याकडे बघतील."

आण्णांनी क्लॅरिनेट पुन्हा ओठाला लावलं. बाईंनी त्यांच्या सदऱ्याची बाही चिमटीत धरली. एका म्हाताऱ्या बाईला सांभाळून न्यायचं, एवढंच आण्णांच्या मनात होतं. दार कधी ओलांडलं ते त्यांना कळलंही नाही. सूर न मोडता त्यांनी बाईंना थेट पहिल्या रांगेतल्या खुर्चीपर्यंत पोचवलं, त्या नीट बसल्या की नाही ते डोळ्यांनी विचारलं, आणि मग तिथेच, हॉलच्या मधोमध, उभ्यानं पुढे वाजवत राहिले. काकूंनी तबक बाजूला ठेवलं आणि त्या खाली सतरंजीवर ऐकायला बसल्या.

त्या दिवशी सकाळी आम्ही टॅक्सी करू म्हणत होतो. बाईंनी ऐकलं नव्हतं. स्टेशनपासून कॉन्डोपर्यंतचा सगळा चढ त्या आमच्या पुढे, झपाझप चालत आल्या होत्या.